गुडघे टेकणारं निशाण

गोनेरी तालेकचं आपल्या गावावर फार प्रेम होतं, आणि ते प्रेम टिकावं म्हणून तो गावापासून दिवसभराच्या गाडीच्या अंतरावर, रेन शहरात राहत असे. तिथे सरकारी जमीन कचेरीत तो नकाशांच्या नकला काढायचा. संध्याकाळी खोलीवर आला की कोट उतरवून खुंटीला लावायचा, खिडकी बंद करायचा, आणि आपल्या ट्रेव्होएल गावच्या मोकळ्या वाऱ्यावर लिहायला बसायचा.

लिहायचा फ्रेंचमध्ये. आमच्या ब्रिटनी प्रांताची ब्रेटन भाषा आता मरणार, म्हणून त्याला फार दुःख होत असे, आणि ते दुःखही तो फ्रेंचमध्येच मांडायचा, कारण ब्रेटनमध्ये मांडलं तर ते विकत कोण घेणार? त्याच्या लेखात धुकं असायचं, दगड असायचे, संत असायचे, आणि समुद्र तर हमखास असायचा. आमच्या ट्रेव्होएलपासून समुद्र चांगला लांब आहे. गावातल्या निम्म्या बायकांनी तो अजून पाहिलेला नाही. पण समुद्राशिवाय ब्रिटनी पॅरिसच्या लोकांच्या घशाखाली उतरत नाही म्हणे, तेव्हा गोनेरीने तो ओढत ओढत पार गिरणीच्या ओढ्यापर्यंत आणून सोडला होता. आमची गुरं पुस्तकात समुद्राचं पाणी पितात.

ओलिएर तालेकचं हे सर्वांत धाकटं पोर. अंगाने काडी. नांगराला हात लावला की नांगरच याला ओढून न्यायचा. पण डोकं तल्लख, पाठांतर पक्कं. पाद्री म्हणाले, याला शेतात घालून फुकट घालवू नका, देवाला द्या. म्हणून त्याला ट्रेगिएला पाद्री घडवणाऱ्या शाळेत लॅटिन शिकायला धाडलं. गोनेरीची आई पेरीन तेव्हापासूनच पाद्र्याची आई असल्यासारखी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायला लागली. मग ऐन वेळी हा पठ्ठ्या शिक्षण सोडून रेनला निघून गेला. देवाने मला बोलावलंच नाही, असं तो सांगायचा. पाद्री म्हणायचे, देवाने चांगल्या हाका मारल्या होत्या, यालाच आपल्या आवाजापुढे ऐकू आल्या नाहीत. पेरीन गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसली. ओलिएर काहीच बोलला नाही, पण ओलिएर तसाही फारसा बोलत नसे.

ओलिएरला बोलायची गरजच काय होती? तो निशाणाचा मानकरी होता. संत ट्रेव्होचं निशाण म्हणजे लाल मखमलीचं धूड, त्यावर चांदीच्या जरीने संत काढलेला, आणि त्याला ओकचा दांडा. हे सगळं चामड्याच्या पट्ट्यात रोवून, हात ताठ ठेवून, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी संताच्या जत्रेत मिरवायचं. खरी कसोटी पुढे असते. शेजारच्या केरमाब गावचं निशाण पाहुणं म्हणून येतं, आणि चौकातल्या दगडी क्रूसाखाली दोन्ही निशाणं समोरासमोर झुकतात. गोंड्याला गोंडा लागला पाहिजे, पण जमिनीला गोंडा लागता कामा नये, आणि मग ते पुन्हा सरळ उभं करायचं. आमचा संत आणि केरमाबची संत एनोरा यांची जुनी भाऊबंदकी आहे. भाऊबंदकीत माणूस किती वाकतो आणि कितीपर्यंत वाकत नाही, हे ओलिएरच्या मनगटाला माहीत होतं.

गोनेरीला ते माहीत नव्हतं. मे महिन्यात तो आधी ट्रेगिएला असायचा आणि नंतर कचेरीत. गावी यायचा ऑगस्टमध्ये, सुट्टी घेऊन, तेव्हा निशाण पेटीत घडी करून ठेवलेलं असे. लहानपणी त्याने जत्रा पाहिली होती खरी, पण लोकांच्या पायांमधून. तरीही पुस्तकात जत्रेचं प्रकरण हवं होतं, आणि त्याचा शेवट दणदणीत हवा होता. मग त्याने लिहून टाकलं की माझा बाप, तो काळ्या दगडाचा माणूस, निशाण छातीशी धरून क्रूसासमोर गुडघे टेकतो, तसाच उठतो, आणि त्या क्षणी वारासुद्धा श्वास रोखून धरतो. आमच्याकडचा वारा आजपर्यंत कोणासाठी थांबलेला नाही. पण फ्रेंचमध्ये ते वाक्य फार गोड वाजतं, असं ज्यांना फ्रेंच येतं ते सांगतात.

पुस्तक गाजलं. वर्तमानपत्रांनी गोनेरीला 'ब्रिटनीचा आवाज' ठरवलं. पॅरिसच्या बायका ते प्रकरण वाचून रडल्या. गोनेरीला दिवाणखान्यांतून बोलावणी येऊ लागली, तेव्हा त्याने कँपेरच्या शिंप्याकडून फुगीर तुमान, भरतकामाचं जाकीट आणि लांब फितींची टोपी शिवून घेतली. तसली तुमान आमच्या भागात कोणाच्या आजोबांनीही घातलेली नाही, ती दक्षिणेकडच्यांची. पहिल्यांदा तो ती घालून गावात उतरला तेव्हा आमच्या लोमिक लोहाराने हातोडा खाली ठेवून विचारलं, "काय रे गोनेरी, सर्कस कुठे उतरलीय?"

असं सगळं छान चाललं असताना प्रकाशक व्होद्राँ यांनी कळवलं की पुस्तकाची मोठी सचित्र आवृत्ती काढायची आहे, तेव्हा आम्ही सपत्नीक, फोटोग्राफर घेऊन, येत्या मे महिन्यात जत्रेला येत आहोत. मुखपृष्ठावर गुडघे टेकलेले वडील. गोनेरीला आधी आनंदाने घाम फुटला. मग दुसऱ्या कारणाने फुटला. सात-आठ वर्षं कोणाला न विचारलेला प्रश्न त्याला आता विचारावा लागणार होता.

जत्रेच्या आठवड्यात रजा टाकून तो घरी आला. पेरीन तव्यावर काळ्या गव्हाची धिरडी घालत होती. ओलिएर ताकात धिरडं बुडवून खात होता.

"बाबा, एक विचारायचं होतं."

"विचार."

"जत्रेला क्रूसासमोर तुम्ही निशाण घेऊन गुडघे टेकता ना?"

ओलिएर घास गिळून म्हणाला, "कशाला? ठेच लागून?"

"ठेच नाही हो. भक्तीने."

"निशाण घेऊन?" आईने झारा हवेतच धरला. "अरे, निशाण म्हणजे संत! संत कोणापुढे गुडघे टेकेल? केरमाबच्या त्या एनोराबाईपुढे? तो मोर्वानांचा म्हातारा एकदा जोडा अडकून गुडघ्यावर आला होता. मरून मातीला मिळाला, तरी लोक त्याला गुडघ्या म्हणतात. त्याच्या नातवंडांना गुडघ्याची पोरं म्हणतात. त्या घरच्या पोरीला केरमाबहून स्थळ आलं तेव्हा व्याह्यांनी काय विचारलं माहितीये? पोरगी तरी उभी राहते ना, म्हणे!"

"पण मी पुस्तकात तसं लिहिलंय, आई."

"मग खोड," ओलिएर म्हणाला.

"छापलंय बाबा ते. हजारो लोकांनी वाचलंय."

"इथल्या कितींनी?"

"एकानेही नाही."

"मग झालं तर."

ओलिएरच्या मते विषय संपला होता. त्याने दुसरं धिरडं उचललं. गोनेरी मात्र मोठ्या आवाजात समजावू लागला. पॅरिसचे लोक येणार आहेत. त्यांच्यासमोर हे घडलं नाही तर मी खोटा ठरेन. पुस्तक गेलं, नाव गेलं, उरलेला जन्म मी लोकांच्या बांधांचे नकाशे काढत बसेन. एकदाच बाबा, फक्त एकदाच.

"नकाशे काढणं वाईट आहे का?" ओलिएरने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यावर चाळिशीला आलेला, फुगीर तुमान घातलेला हा ब्रिटनीचा आवाज, आवाज न करता रडायला लागला. पेरीनने त्याच्यापुढे लोण्याचं धिरडं ठेवलं. लहानपणी नांगराने आपटलं की ठेवायची तसंच. ओलिएर उठून गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही.

गोनेरी पाद्र्यांकडेही जाऊन आला. पाद्री जुने, करडे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू ट्रेगिएला लॅटिन चांगलं शिकला होतास. हे कुठून शिकलास?" आणि दार लावून घेतलं.

रविवार उजाडला. व्होद्राँसाहेब आले, त्यांच्या मॅडम आल्या, आणि फोटोग्राफर कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून आला. मॅडमच्या हातात पुस्तक होतं, त्या प्रकरणात फीत घातलेली. त्या आमच्याकडे बघायच्या, मग पानाकडे बघायच्या, आणि जुळलं की मान डोलवायच्या. बऱ्याचदा जुळत नव्हतं. "समुद्र कुठल्या बाजूला?" असं त्यांनी विचारल्यावर गोनेरीने हात अशा काही डौलात फिरवला की त्यात सगळ्या दिशा आल्या.

घंटा वाजल्या. चर्चच्या कमानीखालून ओलिएर निशाण आडवं करून बाहेर आला आणि उंबऱ्यापुढे त्याने ते एका झटक्यात उभं केलं. वय झालं होतं, पण मनगट तेच. केरमाबचं निशाण मौदेझकडे होतं. मौदेझ म्हणजे तरणाबांड गडी, मानेला बैल. दोघं क्रूसाखाली समोरासमोर आले. गाणं थांबलं. दोन्ही निशाणं सावकाश झुकली, गोंड्याला गोंडा लागला, आणि दोन्ही परत सरळ झाली. इतकं सुबक की केरमाबच्या बायकांनीसुद्धा वाहवा केली. ट्रेव्होएलचं काम इथे संपलं होतं.

"हे झालं का?" मॅडमनी पान उलटून विचारलं. "गुडघे?"

फोटोग्राफर काळ्या कापडात शिरून बसला होता. व्होद्राँसाहेब गोनेरीकडे बघू लागले. गोनेरीने बापाकडे पाहिलं. ओलिएरही त्याच्याकडेच पाहत होता. त्या नजरेत राग असता तर गोनेरीला सोपं गेलं असतं. त्यात फक्त विचारणा होती. खरंच हवंय का तुला? अजूनही? गोनेरीला मान नकारार्थी हलवता आली असती. इतक्या लोकांत ते कोणाला कळलंही नसतं. त्याने मान खाली घातली.

ओलिएर तालेक गुडघ्यावर बसला.

गर्दीतून जो आवाज निघाला तो आमच्या गावाने आधी कधी काढला नव्हता. कोणीतरी "अरे, पडला!" म्हणून ओरडलं. पण तो पडला नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तेच वाईट होतं. वाऱ्याला पुस्तकातलं काही सांगितलेलं नसल्यामुळे त्याने नेमकं तेव्हाच मखमलीत तोंड घातलं. दांडा कलला. ओलिएरने तो छातीशी आवळला, उठायला गेला, आणि उठता येईना. उठायला गुडघे लागतात, आणि त्याचे गुडघे आता साठीच्या पुढचे होते. मान लाल झाली, मग पांढरी पडली. चांदीचा संत डोलत डोलत केरमाबच्या एनोरापुढे खाली खाली येऊ लागला, आणि केरमाबच्या बायकांत हसू फुटलं.

गोनेरी अगदी जवळ उभा होता. तो पुढे गेला नाही. पुढे गेला असता तर फोटोत आला असता.

पुढे गेला मौदेझ. त्याने आपलं निशाण मागच्याच्या हातात कोंबलं आणि आमच्या दांड्याला खांदा लावून म्हणाला, "काका, धरलंय मी. सावकाश उठा. कोणाकडे बघू नका." म्हातारा उठला. केरमाबच्या खांद्यावरून ट्रेव्होएलचा संत सरळ झाला, आणि आमच्या गावाचं त्या दिवशी जे काही उरलं होतं तेही गेलं.

मॅडम डोळे पुसत होत्या. "काय विलक्षण! पण हा दुसरा माणूस कोण? तो पुस्तकात नाही."

"जुनी परंपरा आहे, मॅडम," गोनेरी म्हणाला. शब्द आपोआप आले. "गुडघे टेकणाऱ्याला शेजारच्या गावाने उठवायचं असतं."

ते ऐकून व्होद्राँसाहेबांनी पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवायला सांगितलं. गोनेरीने ते लिहिलंही. आता पॅरिसमध्ये सगळ्यांना माहीत आहे की आमच्याकडे हजार वर्षांपासून असंच होतं.

पाहुणे गेल्यावर ओलिएर घरी बाकावर बसला होता. पेरीन त्याच्या गुडघ्यांवर गरम फडकं धरून होती आणि लेकाकडे बघत नव्हती.

"मिळालं का तुला हवं ते?" ओलिएरने विचारलं.

"मिळालं, बाबा."

"मग जेव."

दुसऱ्या रविवारी पाद्र्यांनी चामड्याचा पट्टा मागून घेतला. गावाने तसं सांगितलं होतं, आणि गावापुढे पाद्र्यांचं काही चालत नाही, विशेषतः जेव्हा त्यांनाही तेच वाटत असतं. ओलिएरने पट्ट्याला तेल लावून, घासून पुसून तो परत केला. पुढच्या वर्षीपासून जत्रेत तो मागे, मेणबत्त्या धरणाऱ्या म्हाताऱ्यांबरोबर चालायचा. बाजारात केरमाबची पोरं त्याला बघून जमिनीवर बसायची आणि "उठवा हो काका" म्हणून हात पुढे करायची. आमचं गाव त्यांना हाकलत नसे. आम्ही त्याला गुडघ्या म्हणायला लागलो होतो. हे लिहिताना मला काही बरं वाटत नाही, पण म्हणायचो.

गोनेरीला सरकारकडून कोटाला लावायची मानाची फीत मिळाली. मुखपृष्ठावरच्या चित्राची कार्डं निघाली, ती स्टेशनावरही विकायला होती. त्या ऑगस्टमध्ये त्याला यायला जमलं नाही, पॅरिसमध्ये त्याचं भाषण होतं. विषय, वडिलांची माती.

ओलिएर दोन हिवाळ्यांनी गेला. आमच्याकडे मानकरी गेला की निशाण चर्चमधून त्याच्या दारात येतं आणि शवपेटीवर झुकतं. असं झुकणं त्याला आयुष्यात एकदाच मिळतं, आणि तेव्हा ते बघायला तो नसतो. गोनेरी काळ्या कोटात, साध्या तुमानीत, दारोदार फिरला. पाद्री म्हणाले, गावाला विचार. गाव म्हणजे लोमिक लोहार.

"निशाण मानकऱ्याला येतं," लोमिक म्हणाला. "तुझा बाप मानकरी होता, तू उतरवलंस त्याला. आता केरमाबला विचार की. तुझ्या पुस्तकात तेच उठवतात ना?"

 आयुष्यात पहिल्यांदाच गोनेरीकडे विशेषण नव्हतं. निशाण चर्चमधल्या आपल्या पेटीतच राहिलं. मौदेझ तेवढा केरमाबहून चालत आला, टोपी काढून मागे उभा राहिला, आणि कोणाशी न बोलता परत गेला.

त्यानंतर वर्षभराने गोनेरीचं दुसरं पुस्तक आलं. ऑगस्टमध्ये ते घेऊन तो घरी आला. पेरीन अंगणात वाटाणे सोलत होती.

"यात बाबांचं आहे," तो म्हणाला. "ऐकशील का?"

"फ्रेंच मला कुठे कळतं?"

"मी आपल्या भाषेत सांगतो ना."

तो सांगू लागला. आपली भाषा त्याला सुरुवातीला जड गेली, शब्द शोधावे लागले. थंडी होती. शवपेटी दारात ठेवली होती. घंटा वाजली. आणि मग चर्चकडून संत ट्रेव्होचं निशाण आलं.

पेरीनचे हात थांबले. "कोणी आणलं?"

"मी."

पेरीनने त्याच्या दंडांकडे पाहिलं. "तू? तुला ते चर्चच्या पायऱ्या तरी उतरवता आलं असतं का रे?"

"पुस्तकात आलं."

"बरं. मग काय केलंस? वाकवलंस?"

"नाही." गोनेरीने पान धरलं होतं, पण तो वाचत नव्हता. "गुडघे टेकले. निशाण घेऊन. त्यांच्यापुढे."

पेरीनने हातातली शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले. मग म्हणाली, "तो दगडावर टेकला, बाळा. तू कागदावर टेकलास."

गोनेरीने पुस्तक मिटलं.

"मिटतोस काय?" आई म्हणाली. "वाच परत. निशाण दारात येतं ना, तिथपासून. हळू वाच."

त्याने वाचलं, आपल्या भाषेत. पहिल्यांदा ते लिहिताना त्याला फार सुंदर वाटलं होतं. आता त्याचा आवाज दोनदा अडकला, आणि दोन्ही वेळा आईने तो पुढे वाचेपर्यंत वाट पाहिली.